पुढच्या ब्रेकची भीती

मोटारसायकल शिकवताना घरातलं मोठं माणूस हमखास बजावतं, ‘पुढचा ब्रेक मारू नकोस, उलटशील.’ मग तो पोरगा पुढची वीस वर्षं उजव्या पायाच्या मागच्या ब्रेकनेच गाडी थांबवत राहतो. स्टंट करणारा मात्र नेमका तोच ब्रेक दाबून मागचं चाक हवेत उचलतो, पुढच्या चाकावर काही मीटर जातो आणि मागचं चाक अलगद टेकवतो. याला स्टॉपी म्हणतात. रस्त्यावर तो कुणीही करू नये. पण तो कसा घडतो हे कळलं, तर आपली रोजची गाडी निम्म्याहून कमी अंतरात थांबवता येते.

गाडी खरं तर थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणामुळे. ब्रेक फक्त चाक अडवतो. टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो आणि त्याची पकड त्यावर पडणाऱ्या भारावर ठरते. ब्रेक लागताच घर्षण गाडीला जमिनीलगत मागे ओढतं, तर गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य दोन फुटांवर पुढे जाऊ पाहतो. त्यामुळे भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो.

हिशोब करून पाहू. दोन चाकांत १.३ मीटर अंतर, गुरुत्वमध्य बरोबर मधोमध, ६५ सेंटीमीटर उंचीवर, रस्ता कोरडा आणि घर्षणांक, म्हणजे टायरच्या पकडीचं माप, ०.८ धरू. ताशी ६० किलोमीटर वेगात फक्त मागचा ब्रेक लावला तर गाडी थांबायला जवळपास ५० मीटर लागतात, कारण दाबाल तितकं मागचं चाक हलकं होतं आणि घसरू लागतं. फक्त पुढच्या ब्रेकने २१ मीटर पुरतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर १८. शिवाय धोका दिसून हात हलेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात १७ मीटर आधीच मागे पडलेले असतात.

स्टॉपीवाला हँडलवरच्या पुढच्या ब्रेकच्या लिव्हरला झटका देत नाही. आधी हलकेच दाबतो. पुढचे शॉकअप खाली बसतात, भार पुढे येतो, टायर रस्त्यावर चेपतो. मगच तो जोर वाढवतो, आणि मागचं चाक उचललं की जोर किंचित कमी करून तोल धरतो. सगळी करामत बोटांची. स्टंट रायडिंगमध्ये चार वेळा विश्वविजेता ठरलेला जर्मनीचा ख्रिस फायफर आधी ट्रायल्स चालवायचा. दगडधोंड्यांवरून, पाय न टेकवता, अगदी सावकाश गाडी नेण्याचा हा खेळ. ब्रेकवरचा हळुवार हात तिथे घडतो.

घरच्यांची भीती अगदीच खोटी नाही. वरच्या हिशोबातली गाडी कोरड्या रस्त्यावर उलटण्याआधी टायरच घसरेल. पण घसरणंही जीवघेणं असतं. वाळू, खडी, पहिल्या पावसाचा निसरडा डांबरी रस्ता किंवा वळलेलं हँडल, अशा वेळी पुढचं चाक अडकलं की गाडी क्षणात आडवी होते. घाबरून लिव्हर आवळली, तर भार पुढे यायच्या आतच चाक अडकतं. तेच अडकणं एबीएस ही ब्रेकमधली यंत्रणा टाळते. एप्रिल २०१९पासून भारतात १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं आहे. त्यातही ज्या गाडीला एकाच चाकापुरतं एबीएस असतं, तिथे ते सहसा पुढच्या चाकाला देतात. थांबवण्याचं मोठं काम त्याच चाकाचं, हे यावरूनच समजावं.

मला वाटतं, हे शिकायला रविवारची सकाळ आणि रिकामं मैदान पुरतं. जमीन कोरडी आणि टणक हवी, डोक्यावर हेल्मेट हवं. खडूने रेघ ओढा. ताशी २० किलोमीटरने या, हँडल सरळ ठेवा, रेघेवर दोन्ही ब्रेक लावा. पुढचा ब्रेक ओला फडका पिळावा तसा, हळूहळू वाढत्या जोराने. शॉकअप खाली बसल्याचं मनगटाला जाणवेल. तिथून पुढे जोर वाढवायचा. दहा-पंधरा फेऱ्यांनंतर गाडी रेघेच्या किती पुढे थांबते ते पावलांनी मोजा.