फॅक्टरी इन्स्पेक्टर दारात येण्याआधीची दीडशे वर्षं

नवी मुंबईच्या रबाळे, महापे, तुर्भेत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखाना चालवणाऱ्या कुणालाही ‘डिश’ म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय हे त्या खात्याचं पूर्ण नाव. शॉप फ्लोअरवर मात्र अजून ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर आलेत’ असंच म्हणतात. या माणसाला कारखान्यात शिरायचा हक्क कसा मिळाला आणि तो नेमकं काय बघायला येतो, हे मालकांनी एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मुंबईच्या कापड गिरण्यांत झाली. १८७५ मध्ये मुंबई सरकारने गिरण्यांतल्या परिस्थितीची चौकशी करायला कमिशन नेमलं. त्यामागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा दबाव होता, कारण इथलं स्वस्त कापड त्यांना जड जात होतं. पण मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारखी माणसं मजुरांच्या कळवळ्याने कायदा मागत होती, हेही खरं. १८८१ चा पहिला कारखाना कायदा तोकडाच होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि किमान १०० माणसं असलेल्या कारखान्यालाच तो लागू. सात वर्षांखालचं मूल कामाला नको, सात ते बाराच्या मुलांना नऊ तासांहून जास्त काम नको, धोक्याच्या यंत्राला कुंपण हवं, एवढंच. जिथे वेगळा निरीक्षक नेमलेला नसेल तिथे जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टरच, निरीक्षक. कुर्ला तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत होतं आणि तिथे गिरणी होती. सारावसुलीत बुडालेल्या साहेबाला फिरत्या पट्ट्याचा आणि दंतचक्राचा धोका कितीसा कळणार?

ठाण्यातच जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे त्याच काळात गिरणी कामगारांना एकत्र आणत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये सभा घेऊन त्यांनी साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना आठवते. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कायमचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवार १८९० मध्ये मिळाला. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

दरम्यान १०० चा तो आकडा खाली सरकत होता. १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, आणि १९४८ च्या कायद्यात, यंत्रशक्ती असेल तर, १०. या सगळ्या इतिहासात मला हा उतरता आकडा सर्वांत मोलाचा वाटतो, कारण दर पायरीला आणखी काही हजार हात कायद्याच्या सावलीत येत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने तो पुन्हा २० वर नेला. यंत्रशक्तीशिवाय चालणाऱ्या कारखान्यांसाठी २० चे ४० केले. धोक्याच्या प्रक्रिया चालत असतील तर छोट्या जागांनाही कायदा लागू करायची मुभा त्यात होती. तरी बारा-पंधरा माणसांवर चालणाऱ्या साध्या गाळ्यांना ‘कारखाना’ म्हणणं त्या दुरुस्तीनंतर थांबलं.

असा गाळा मी आतून पाहिलाय. दुरुस्तीच्या बऱ्याच आधी एका छोट्या प्रेस शॉपमध्ये मी सुपरवायझर होतो. पॉवर प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्राला, दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असले तरच रॅम, म्हणजे दाब देणारा जड भाग, खाली येतो, म्हणजे डायमध्ये (साच्यात) हात राहत नाही. आमच्या तीन नंबरच्या प्रेसवर डावं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं असायचं. एका हाताने पत्रा सरकवायचा, दुसऱ्याने बटण दाबायचं, तासाला जास्त पीस निघायचे. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. शेजारच्या गाळ्यात एका पोराची दोन बोटं गेली, तरी आम्ही पट्टी काढली नाही. तपासणीला आलेले साहेब ऑफिसात चहाला बसलेच नाहीत. सरळ प्रेसपाशी गेले आणि ऑपरेटरला म्हणाले, “दादा, एक पीस काढून दाखवा.” मग त्यांनी स्वतः पट्टी सोलली. उजवं बटण घासून काळं पडलेलं, डाव्याचा हिरवा रंग अजून नवाकोरा. त्यांनी लेखी आदेश देऊन प्रेस बंद ठेवायला लावला. रजिस्टरं त्यानंतर मागितली.

१९४८ च्या कायद्याचं कलम ९ हाच अधिकार देत होतं. निरीक्षकाने आत यावं, यंत्र तपासावं, कागद मागावेत, जबाब घ्यावेत, मोजमापं आणि फोटो घ्यावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा कामगार तपासणीचा करार भारताने १९४९ मध्ये मान्य केला. आगाऊ सूचना न देता, दिवसा-रात्री केव्हाही प्रवेश आणि तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवणं, या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. तारीख कळवून साहेब आले असते तर आमची पट्टी त्यांना कधीच दिसली नसती.

१९६२ मध्ये एमआयडीसी, म्हणजे राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, आलं आणि वागळे इस्टेट त्याची पहिली वसाहत ठरली. पाठोपाठ ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रासायनिक कारखाने उभे राहिले. नवी मुंबई शहर त्यांच्यानंतरचं. ते वसवणारी सिडकोच स्थापन झाली ती १९७० मध्ये. वस्ती कारखान्यांच्या कुंपणाला येऊन भिडली आणि १९८४ मध्ये भोपाळ घडलं. त्यानंतर १९८७ ची दुरुस्ती आली. धोक्याच्या प्रक्रियांसाठी वेगळं प्रकरण, सेफ्टी कमिटी, आणीबाणीचा आराखडा, आसपासच्या लोकांना माहिती देण्याची सक्ती. कलम ७अ ने तर कामगाराच्या सुरक्षेची जबाबदारी थेट भोगवटादारावर, म्हणजे कारखान्यावर अंतिम ताबा असलेल्यावर, टाकली. इन्स्पेक्टर आला नाही म्हणून ती टळत नाही.

१६ ऑक्टोबर २०१४ ला केंद्राने कोणत्या आस्थापनेची तपासणी करायची हे संगणकाने ठरवायची पद्धत आणली. राज्यातही धोक्यानुसार वर्गवारी आणि स्वयंप्रमाणन आलं. इन्स्पेक्टर राजचा जाच कमी व्हावा ही मागणी खोटी नव्हती, छोट्या उद्योजकाला तो जाच झालेलाच होता. पण याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवली एमआयडीसीत, २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले, माणसं गेली, आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या. कागदावर मालकाने स्वतः दिलेली हमी आणि रिअ‍ॅक्टरची प्रत्यक्ष अवस्था यांत अंतर पडू शकतं. ते कुणीतरी जाऊनच मोजावं लागतं. बॉयलर बघणारं खातं वेगळं, प्रदूषण मंडळ वेगळं, अग्निशमन वेगळं. एकाचा शेरा दुसऱ्यापर्यंत पोचला नाही की मधल्या फटीतून धोका वाढत जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता आली आहे. इन्स्पेक्टर आता निरीक्षकही आहे आणि मार्गदर्शकही. नियमांत ठरवलेल्या वयाच्या किंवा वर्गाच्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यायची आहे. ‘कारखाना’ ठरायला २० आणि ४० हेच आकडे देशभर आहेत. पण दहा किंवा जास्त कामगार असलेली आस्थापना संहितेत येते, म्हणजे बारा माणसांची ती प्रेस शॉप कारखाना नसली तरी सुरक्षेच्या कायद्यात परत आली आहे.