काकांची बाटली: एनएमएन आणि बी-थ्रीमधला गोंधळ

काका बेळगावात टिळकवाडीत राहतात. वय ७२. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून फेरी मारतात आणि परत आले की जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, दही. गेल्या दिवाळीत त्यांच्या मुलानं बेंगळुरूहून एक बाटली पाठवली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एनएमएन, म्हणजे म्हातारपण लांबवतो म्हणून विकला जाणारा एक पदार्थ, आणि खाली तरुण पेशींबद्दल बरंच काही. बाटली संपली तसे काका जवळच्या मेडिकलमध्ये गेले. तिथं ती नव्हती. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "दोन्ही बी-थ्रीच की हो सर," आणि नायसिनची ५०० मिलीग्रॅमची पट्टी हातात ठेवली.

रात्री साडेनऊला मला फोन. "अरे, तोंड, कान सगळं तापायलंय बघ. बीपी वाढलं की काय?"

बीपी वाढलं नव्हतं. तासाभरात लाली उतरली, खाजही गेली. पण त्या पोराचं वाक्य डोक्यात राहिलं. कारण ते अर्धं खरं आहे, आणि बाटल्या विकणारेही नेमकं तेच अर्धं वाक्य वापरतात.

आधी नात्यागोत्याचं. बी-थ्री हे जीवनसत्त्व, आणि या एका नावाखाली मुख्यतः दोन पदार्थ येतात. एक नायसिन, म्हणजे निकोटिनिक आम्ल, आणि दुसरा नायसिनामाइड. तोंड लाल होतं ते पहिल्यामुळे, दुसऱ्यामुळे नाही. शरीर या दोन्हींपासून एनएडी नावाचा रेणू बनवतं. हार्डन आणि यंग यांना १९०६ मध्ये यीस्टच्या रसात त्याचा पहिला सुगावा लागला. एनएडीचं काम आपल्याकडच्या उसाच्या ट्रॅक्टरसारखं. फडातून माल उचलायचा, कारखान्यात टाकायचा, रिकामं परत यायचं. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तो असे वाहून नेतो, आणि ही ये-जा थांबली तर पेशीचं धुराडं थंड पडतं.

एनएमएन हा या रस्त्यावरचा एनएडीच्या अलीकडचा थांबा. नायसिनामाइडपासून शरीर एनएमएन स्वतःच बनवतं आणि त्याचं पुढे एनएडी होतं. तोंडानं घेतलेल्या एनएमएनचा बराचसा भाग तर आतड्यातच फुटून पुन्हा साध्या बी-थ्रीच्या रूपात येतो. म्हणजे रस्त्यापुरतं पोराचं बरोबर. पुराव्याची गोष्ट मात्र अगदी निराळी.

बी-थ्रीचा पुरावा पेलाग्रा या त्याच्याच उणिवेच्या रोगातून आला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, गळ्याभोवती हारासारखा पट्टा उठतो, जुलाब लागतात, पुढे बुद्धी भ्रमते, शेवटी मरण. अमेरिकेत मक्यावर जगणारी गरीब माणसं यानं मेली. १९३७ मध्ये एल्वेजम यांनी निकोटिनिक आम्ल देऊन कुत्र्यांमधला तसाच रोग बरा केला, मग माणसांमधलाही बरा होऊ लागला. आणि हे लांबचं नाही. दख्खनच्या पठारावर जोंधळा खाणाऱ्या गरिबांमध्येही पेलाग्रा होता. हैदराबादला गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडलं की जोंधळ्यातलं जास्तीचं ल्युसीन, म्हणजे प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल, याच्या मुळाशी असावं. त्यावर पुढे बरेच वाद झाले. पण भाकरीबरोबर डाळ, दूध आणि शेंगदाणे पोटात जाणाऱ्या घरात हा रोग येत नाही. १०० ग्रॅम शेंगदाण्यात साधारण १२ मिलीग्रॅम नायसिन असतं आणि माणसाची दिवसाची गरज १५ च्या आसपास. खानापूरकडचा भात असो की बैलहोंगलकडचा जोंधळा, सोबत काय आहे यावरच सगळं ठरतं. काकांची शेंगाचटणी त्यांना वाटते त्यापेक्षा जास्त काम करते.

म्हणजे बी-थ्रीनं सिद्ध केलं ते इतकंच, की उणीव असेल तिथं भरून काढलं तर माणूस वाचतो. भरलेल्या घागरीत आणखी ओतल्यानं काय होतं, हा वेगळा प्रश्न. एनएमएनवाले उत्तर देतात ते या दुसऱ्या प्रश्नाला, आणि वजन उसनं घेतात पहिल्याचं.

एनएमएनची ख्याती उंदरांपासून सुरू झाली. २०१३ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटानं दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांना आठवडाभर एनएमएन टोचलं तर स्नायूंमधल्या काही खुणा तरुण उंदरांसारख्या होतात. माणसांत मात्र चाचण्या लहान आणि थोड्या दिवसांच्या. २०२१ ची एक, रजोनिवृत्तीनंतरच्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या २५ बायकांची. रोज २५० मिलीग्रॅम, दहा आठवडे. स्नायूंचा इन्सुलिनला प्रतिसाद सुधारला, पण वजन आणि रक्तातली साखर होती तिथेच राहिली. दुसरी आपल्या देशातली, ८० निरोगी मध्यमवयीन माणसांची, साठ दिवसांची. रक्तातलं एनएडी वाढलं, सहा मिनिटांत चालायचं अंतरही वाढलं. वाईट नाही. पण कोणी जास्त जगलं का, कोणाचा हृदयविकार टळला का, हे साठ दिवसांत दिसणार कसं? एनएमएनचा सख्खा भाऊ एनआर, तोही शरीरात एनएडी बनवणारा. तो अमेरिकेच्या सरकारी आयुर्मान-चाचणीत उंदरांना तरुणपणापासून शेवटपर्यंत दिला, उंदीर जास्त जगले नाहीत. द्राक्षांच्या सालीतल्या, असाच गाजलेल्या रेस्वेराट्रॉलचंही तिथं तेच झालं.

रक्तातला आकडा सुधारला की माणूस सुधारला, या समजुतीवरचं सगळ्यात मोठं औषध पुन्हा याच घराण्यात आहे. नायसिन चांगलं कोलेस्टेरॉल वाढवतं, म्हणून डॉक्टर वर्षानुवर्षं ते लिहून देत होते. मग २५,६७३ रुग्णांवर सुमारे चार वर्षं त्याची चाचणी झाली, निकाल २०१४ मध्ये आला. आकडे छान सुधारले. हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले नाहीत, उलट मधुमेह, जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव वाढले. एनएमएननं अजून अशी परीक्षा दिलेलीच नाही. न्यायानं सांगायचं तर नायसिनामाइडनं एक दिली. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात, आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ जणांत त्यानं त्वचेचे नवे कर्करोग (मेलानोमा सोडून) २३ टक्क्यांनी कमी केले. गोळी थांबवल्यावर तो फायदाही थांबला. त्या उन्हात भाजलेल्या गोऱ्या कातडीचं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लागू करू नये.

"एनएमएन ब्रोकोलीत नैसर्गिक असतं" असंही बाटलीवर होतं. असतं, १०० ग्रॅममध्ये फार तर एक-सव्वा मिलीग्रॅम. म्हणजे त्या बायकांचा रोजचा डोस भरायला वीस-बावीस किलो ब्रोकोली. एपीएमसीतून गोव्याला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोचा कोपराच काकांच्या नावानं ठेवावा लागेल, तोही रोज.

हे सगळं काकांना सांगितलं. नायसिनची पट्टी मी काढून घेतली, कारण रोजच्या गरजेच्या तीसपटींहून जास्त हा औषधाचा डोस आहे आणि तो डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायचा. काका ऐकत होते, पटलेलं दिसत नव्हतं.

"मग बाटली चालू होती तेव्हा पायात ताकद वाटायली होती, ती कशाची?"

"थंडी पडली होती, फेरी दोनाची तीन झाली होती. खरं कळायला तुमच्यासारखाच दुसरा एक माणूस पाहिजे. त्याच वयाचा, तेवढाच चालणारा, आणि त्याला न सांगता मैद्याच्या कॅप्सूल दिलेल्या."

काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तुझ्या बाबाला दे की मग मैदा. त्याला काय कळतंय."