कैलास लेणं छिन्नी-हातोड्यानं होऊच शकत नाही?

वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल एक हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय: ४ लाख टन दगड, १८ वर्षं, म्हणजे रोज ६० टन, हे माणसाच्या हातून शक्यच नाही, सबब परग्रहवासी!

हाच हिशेब पुढे करून पाहू. ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ डॉ. म. के. ढवळीकर यांनी एका माणसाचं दिवसाचं काम सुमारे ४ घनफूट खडक धरलं. बेसाल्टचं वजन पाहता हे तीनशे किलोच्या वर जातं. अडीचशे माणसं लावली की रोजचे ७५-८० टन झाले! ढवळीकरांच्या अंदाजानं तेवढ्या माणसांना साडेपाच वर्षं पुरली असती. ४ लाख टनांचा आकडाही फुगवलेलाच दिसतो. अभ्यासकांचे अंदाज साधारण दीड ते दोन लाख टनांचे आहेत.

शिवाय काम वरून खाली उतरत गेलं, त्यामुळे परांची बांधायची गरज नव्हती. अंगणात उभं राहून मागच्या कातळभिंतीकडे नीट बघा, छिन्नीचे घाव अजून दिसतात. अजिंठ्याच्या २४ क्रमांकाच्या अर्धवट लेण्यात तर ओबडधोबड तासलेले खांबही आहेत, काम कसं पुढे सरकायचं ते तिथं उघड दिसतं.

आणि ‘पुन्हा करून दाखवा’ म्हणणाऱ्यांनी वेरूळमध्येच ३० क्रमांकाचं लेणं पाहावं. कैलासच्याच धर्तीवर, त्याच पद्धतीनं कोरायला घेतलेलं हे जैन लेणं, छोटा कैलास. आकारानं बरंच लहान, आणि तेही अपुरं राहिलेलं.