सून, स्नुषा आणि नुरुस

वर्तमानपत्रात 'अमुक यांच्या स्नुषा' असं छापून येतं, पण घरात स्नुषा कुणी म्हणत नाही, सूनच म्हणतात. संस्कृतात स्नुषा, प्राकृतात सुण्हा, मराठीत सून, इतका प्रवास आपल्याकडचं व्याकरण सांगू शकतं. स्नुषेच्याही मागे काय होतं हे कळायला मात्र परक्या घरांत डोकवावं लागतं. लॅटिनमध्ये सून म्हणजे नुरुस, ग्रीकमध्ये नुओस, आर्मेनियनमध्ये नू, रशियनमध्ये स्नोखा, जुन्या इंग्रजीत स्नोरु.

असं साम्य टिपणाऱ्या अगदी सुरुवातीच्या युरोपीय माणसांपैकी दोघांचा संबंध गोव्याशी होता. एक फादर थॉमस स्टीफन्स, ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणारे. १५८३ साली त्यांनी भावाला लिहिलेल्या पत्रात, इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, असं नोंदवलं. दुसरा फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सासेत्ती. त्याने देव आणि दिओ, सर्प आणि सेर्पे, तसंच सात-आठ-नऊ या आकड्यांच्या इटालियन जोड्या पत्रात लिहून पाठवल्या. १५८८ मध्ये तो गोव्यातच वारला. ही पत्रं खाजगी होती. त्यांतून पुढे शास्त्र उभं राहिलं नाही.

श्रेय गेलं ते कलकत्त्याचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांना. २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात ते म्हणाले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नाही. विधान मोठंच होतं. पण त्याच भाषणात त्यांनी हिंदूंचं प्राचीन नातं चिनी, जपानी आणि पेरूच्या लोकांशीही जोडून टाकलं, हे सहसा कुणी सांगत नाही.

नुसत्या साम्यावर विसंबलं की असंच होतं. 'बदनाम'मधला फारसी बद आणि इंग्रजी बॅड उच्चाराने जवळ, अर्थाने एक, तरी एकमेकांचे कुणी नाहीत. व्हॅटिकन म्हणजे वाटिका, हे मोबाइलवर फिरणारं ज्ञान त्याच जातीचं. उलट नुओस आणि सून कानाला परके वाटतात, पण त्यांचं नातं पक्कं आहे, कारण त्यांच्यातला प्रत्येक फरक नियमाने आलेला आहे.

ते नियम शोधण्यात एकोणिसावं शतक गेलं. मूळ रूप 'स्नुसोस' असावं असं धरलं जातं. ते कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, म्हणून त्याच्या डोक्यावर तारांकन देतात. संस्कृतात 'उ'नंतरच्या 'स'चा 'ष' होतो. शाळेत 'लतासु' पण 'गुरुषु' असं घोकलं होतं, तोच हा नियम. रशियनसारख्या स्लाव्ह भाषांत त्याच जागी 'ख' आला. लॅटिनने सुरुवातीच्या 'स्न'मधला 'स' टाकला आणि दोन स्वरांमधल्या 'स'चा 'र' केला. ग्रीकने हे दोन्ही 'स' गाळले, शेवटचा तेवढा ठेवला.

अडत होतं ते स्नोरुपाशी. जर्मानिक भाषांत, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळात, दोन स्वरांमधला 'स' कधी तसाच राहतो, तर कधी त्याचा 'र' होतो. का, हे कळेना. १८७०च्या दशकात कार्ल व्हर्नर या डॅनिश तरुणाने उत्तर शोधलं ते वैदिक स्वरांत, म्हणजे वेद म्हणतानाच्या आवाजाच्या चढउतारात. मुळात आघात आधीच्या अक्षरावर असेल तर 'स' टिकतो, नसेल तर 'र' होतो. वेदांतल्या स्नुषेचा उदात्त, म्हणजे आघाताचा उंच स्वर, शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून स्नोरु. इंग्रजीत एकवचनी 'वॉज' आणि अनेकवचनी 'वेअर' असा भेद आजही आहे, तोही याच आघातामुळे. वैदिकांनी पाठांतराने जपलेले स्वर इंग्रजीतली गाठ सोडवायला कामी आले, याचं मला अजून नवल वाटतं.

याच सुमारास, १८७७ मध्ये, मुंबईत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी विल्सन व्याख्यानमालेत संस्कृतापासून पाली-प्राकृतमार्गे आजच्या भाषांपर्यंतचा धागा उलगडून दाखवला. पुढे फ्रेंच पंडित झ्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अर्थात घरातलं प्रत्येक नातं या एकाच मुळाशी जात नाही. अण्णा आणि अक्का द्राविड भाषांतून आले. त्यांची जोडी लॅटिनमध्ये शोधणं व्यर्थ.

सुनेच्या शब्दातही एक गाठ उरलीच आहे. 'ओस' हा शेवट एरवी पुल्लिंगी शब्दांचा. ग्रीकने नुओस तसाच ठेवून स्त्रीलिंगी वापरला, तर संस्कृताने त्याला 'आ' लावून स्नुषा केलं. मूळ बोलणाऱ्यांनी सुनेला पुरुषी शेवट का दिला, यावर अभ्यासक अजून भांडतात.