ग्रंथालयातली जुनी पुस्तकं विक्रीला निघाली, तर ती थांबवायला अर्ज कुठे आणि कसा करायचा?

फोर्टातल्या फुटपाथवर जुनं पुस्तक उघडलं की कधी कधी आत ग्रंथालयाचा जांभळा शिक्का आणि दाखल क्रमांक (संग्रहात नोंद करताना दिलेला नंबर) दिसतो. पुस्तक तिथवर पोहोचलं की अर्ज करून फारसं हाती लागत नाही. हालचाल करायची ती ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळाच्या विक्रीच्या ठरावाची कुणकुण लागल्याबरोबर.

मुंबईतली बरीच जुनी ग्रंथालयं सार्वजनिक न्यास (पब्लिक ट्रस्ट) म्हणून नोंदलेली आहेत, म्हणजे त्यांचा ग्रंथसंग्रह न्यासाचा. अशा न्यासांना लागू असलेल्या १९५० च्या विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ३६ स्थावर मालमत्तेच्या विक्रीपुरतं आहे. पुस्तकं जंगम, म्हणून कार्यकारी मंडळातले लोक निर्धास्त असतात. पण कलम ४१-ई त्यांना ठाऊक नसतं. मालमत्तेची नासधूस किंवा गैर विल्हेवाट होण्याचा धोका असेल, तर त्याखाली न्यासांवर देखरेख ठेवणारे धर्मादाय आयुक्त तात्पुरता मनाई हुकूम देऊ शकतात.

अर्जदार किमान दोन हवेत, आणि न्यासात 'हितसंबंध असलेले'. खरी अडचण इथेच येते. सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचा सभासद या व्याख्येत सरळ बसतो. नुसती वर्गणी भरून पुस्तकं नेणाऱ्या वाचकाबद्दल समोरचा वकील हरकत घेणारच, तेव्हा निदान एक जण तरी मतदानाचा हक्क असलेला सभासद गाठा.

अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं. शिवाय सभासदत्वाची पावती, न्यास नोंदवहीचा उतारा (परिशिष्ट १) आणि ठरावाची प्रत किंवा विक्रीची जाहिरात जोडा. मात्र सगळ्यात वजन पडतं ते यादीचं. 'दुर्मीळ ग्रंथ विकताहेत' एवढंच लिहून भागत नाही. ग्रंथाचं नाव, प्रकाशनवर्ष, दाखल क्रमांक, शक्य तर मुखपृष्ठाचा फोटो, असं दहा ग्रंथांचं जरी दिलंत तरी अर्जात जीव येतो. यादीत ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं असतील तर ती वेगळी दाखवा. ती १९७२ च्या पुरावशेष (जुन्या मोलाच्या वस्तूंच्या) कायद्यात येतात, आणि खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत.

ग्रंथालय अनुदानित असेल तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत ३० दिवसांची, टेम्पो भरायला एक दुपार पुरते; तेव्हा त्या उत्तरासाठी मनाईचा अर्ज अडवून ठेवू नका.

मुंबईचं धर्मादाय आयुक्त कार्यालय वरळीला, अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेऊनच बाहेर पडा, आणि त्याची झेरॉक्स त्याच दिवशी ग्रंथालयाच्या कार्यवाहांना पोहोचवून त्यांचीही पोच घ्या.