फुकटच्या उन्हातला गांजा

कॅनडाने ऑक्टोबर २०१८मध्ये घरटी चार झाडं लावायची मुभा दिली, दोन-तीन प्रांत सोडले तर. जर्मनीत एप्रिल २०२४पासून प्रत्येक प्रौढाला तीन झाडं चालतात. तिकडच्या बागकामाच्या व्हिडिओंत एक हिशेब हमखास ऐकू येतो: खोलीत दिवे लावून गांजा वाढवला तर विजेचं बिल येतं, अंगणात लावला तर ऊन फुकट, पाऊस फुकट, माती फुकट. हे व्हिडिओ लातूर-नांदेडच्या मोबाइलवरही पोचतात. ‘गवतासारखं उगवतंय की ते, त्याला कशाचा आलाय खर्च!’ असं म्हणणारे पारावर भेटतातच.

कायद्याचा खर्च आधीच सांगून टाकतो, कारण तो काही लपलेला नाही. १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायद्याच्या कलम २०नुसार गांजाच्या झाडाच्या लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. घरापुरती दोन झाडं चालतील, अशी सूट त्यात नाही. कलम ४६ मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. आपल्या जमिनीत कुणी बेकायदा लागवड केली असेल तर ते ताबडतोब कळवणं जमीनधारकावर बंधनकारक आहे. माहीत असून गप्प बसला तर तोही शिक्षेला पात्र. रान बटईनं देऊन शहरात राहणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावंच.

आता ऊन. मराठवाड्यात उन्हाला तोटा नाही, पण फुलावर कधी यायचं हे गांजाचं झाड उन्हाच्या कडकपणावरून ठरवत नाही. ते रात्र मोजतं. रात्र ठरावीक लांबीपुढे गेली की पानं-फांद्या वाढवणं थांबवून ते फुलाच्या मागे लागतं. वनस्पतींचा हा गुण ज्यांच्या ध्यानात सर्वांत आधी आला, त्यांत ज्युलियन तूर्नुआ हा फ्रेंच संशोधक होता, आणि १९१२च्या सुमारास त्याचे प्रयोग चालले होते ते बिअरमध्ये घालतात त्या हॉपच्या वेलीवर आणि याच गांजाच्या झाडावर. पुढे तो पहिल्या महायुद्धात मारला गेला. या गुणाची रीतसर मांडणी १९२०मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड यांनी तंबाखू व सोयाबीनवरून केली आणि नाव त्यांचं झालं.

आपल्या शेतकऱ्याला हे प्रयोगशाळेतून शिकावं लागलं नाही. वेळेवर पेरलेली तूर डोक्याच्या वर जाते. तीच सप्टेंबरअखेर पेरली तर कमरेएवढी असतानाच फुलते. तूर, सोयाबीन आणि गांजा ही तिन्ही लांब रात्रीची पिकं.

व्हिडिओतला हिशेब इथेच चुकतो. जूनमधल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी बर्लिनमध्ये सूर्य जवळपास १७ तास वर असतो, टोरोंटोत साडेपंधरा. लातूरला जेमतेम सव्वातेरा. उत्तरेकडच्या बहुतेक वाणांना दिवस १४ तासांच्या आसपास उतरला की फुलायचा इशारा मिळतो. लातूरला तो वर्षात कधीच १४वर चढत नाही. म्हणजे तिकडच्या बीला इथे रुजल्या दिवसापासूनच फुलायचा इशारा मिळत असतो. अंगात जोर यायच्या आत झाड फुलावर येतं. थंड प्रदेशातले हेम्पचे (गांजाच्याच जातीचं, पण नशा नसलेलं पीक) वाण अमेरिकेतल्या फ्लोरिडात लावले तेव्हा तिथेही असंच झालं, आणि फ्लोरिडा लातूरपेक्षा बराच उत्तरेला आहे. त्यात भर म्हणजे शेजाऱ्याचा हॅलोजन किंवा गल्लीतला खांब. रस्त्याच्या दिव्याखालचं सोयाबीन हिरवंगार राहतं आणि शेंगा धरत नाही, हे पुष्कळांनी पाहिलं असेल. गांजाची रात्रही उजेडाने अशीच मोडते.

पाऊस फुकट आहे हे खरं, पण तो कधी येतो तेही पाहा. जूनमध्ये रुजलेलं झाड फुलतं ऑगस्ट-सप्टेंबरला, आणि आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस झोडपून काढतो. गच्च, चिकट फुलांच्या आत ओल अडकते, बुरशी धरते. ती वरून दिसतेच असं नाही. अस्परजिलस जातीच्या बुरशीचे बीजाणू धुराबरोबर फुप्फुसात गेले तर प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाला गंभीर संसर्ग होऊ शकतो.

पावसाबाहेरचे आठ महिने पाणी कुठलं? बोअरचं, नाहीतर टँकरचं. ज्या लातूरला एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे हा प्रश्न बारीक नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मेमध्ये हिरवं पीक दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी उडवतं, म्हणजे चौरस मीटरभर पसाऱ्याच्या झाडाला रोज सात-आठ लिटर. पाणी उडून जातं, त्यातले क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असणं आपल्याकडे नवलाचं नाही. पिण्याच्या पाण्यालासुद्धा, दुसरा स्रोत नसेल तर, भारतीय मानक दोन ग्रॅमपर्यंत चालवून घेतं. महिन्याला झाडाच्या बुडाशी जवळपास पाव किलो क्षार. काळ्या मातीत निचरा आधीच कमी, त्यामुळे ते तिथेच साचतात आणि पुढच्या वर्षी त्या जागेवर कढीपत्ताही रडतखडत वाढतो.

शेजाऱ्यांचा हिस्सा वेगळाच. गांजात नर आणि मादी झाडं निराळी असतात आणि परागीभवन वाऱ्यावर चालतं. एक नर झाड भरमसाट पराग सोडतं, ते कित्येक किलोमीटर जातात, आणि या परागाची काहींना ॲलर्जी असते. शेजारच्या दमेकऱ्याला कशानं त्रास होतोय हे बिचाऱ्याला कधी कळणारही नाही.

मला सगळ्यांत मोठा वाटतो तो मातीचा खर्च. गांजाचं झाड जमिनीतलं कॅडमियम, शिसं, निकेल हौसेनं ओढून घेतं. इतकं की अणुभट्टीचा अपघात झालेल्या चेर्नोबिलच्या आसपासची दूषित माती साफ करण्यासाठी ते लावून पाहिलं गेलं. अंगणातल्या मातीत जुन्या रंगाचे पापुद्रे असतात, कुणी कधी तरी फोडलेली बॅटरी असते, जाळलेल्या कचऱ्याची राख असते. अन्नातून पोटात गेलेल्या कॅडमियमचा थोडाच भाग रक्तात उतरतो. धुरातून गेलेल्याचा कितीतरी जास्त. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, गांजा-तंबाखू दोन्ही न घेणाऱ्यांच्या तुलनेत फक्त गांजा घेणाऱ्यांच्या रक्तात शिसं २७ टक्के आणि कॅडमियम २२ टक्के जास्त आढळलं.

फवारणीचंही तसंच. द्राक्षावरच्या भुरीसाठी वापरलं जाणारं मायक्लोब्युटानिल जळलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो. द्राक्ष कुणी पेटवत नाही, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. कॅनडात २०१६-१७मध्ये परवानाधारक उत्पादकांच्याच गांजात ते सापडलं आणि माल परत मागवावा लागला. आता तिथे विक्रीच्या मालाची धातू, कीडनाशकं आणि बुरशीसाठी तपासणी सक्तीची आहे. घरामागच्या झाडाला ती नाही, पण पैसे मोजून प्रयोगशाळेत नमुना देता येतो. परभणीत किंवा बीडमध्ये नमुना घेऊन निघालेला माणूस प्रयोगशाळेच्या दारापर्यंत जरी पोचला, तरी त्याच्या खिशातली पुडी हाच गुन्ह्याचा पुरावा असतो.