टी-५५ रणगाडा, १:३५ : जोडणी, तपशील आणि रंगकाम (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

खरा टी-५५ छत्तीस टनांचा. तुमचं मॉडेल लांबी-रुंदीला त्याच्या पस्तीस पट लहान (१:३५), दोन हातांत मावेल एवढं. पाहणाऱ्याला ते छत्तीस टनांचं वाटलं पाहिजे, यासाठीच सगळी मेहनत. मॉडेल फसतं ते बहुतेक वेळा रंगामुळे नाही, तर एखादं चाक अधांतरी राहिल्यामुळे, ट्रॅक (चाकांवरचा साखळीपट्टा) ताठ बसल्यामुळे किंवा फेंडरचा (ट्रॅकवरच्या झाकणाचा) पत्रा जाड दिसल्यामुळे. म्हणून या पत्रकात रंगापेक्षा जोडणीबद्दल जास्त लिहिलं आहे.

सुरुवातीला

स्प्रू (सुटे भाग ज्यात जोडलेले येतात ती प्लास्टिकची चौकट) कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकून धुवा आणि रात्रभर वाळू द्या. साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर तसाच राहिला, तर प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पुढे मास्किंग टेपबरोबर निघून येतो. भाग तोडताना निप्पर भागाला चिकटवू नका. एक मिलिमीटर दांडी ठेवून कापा, उरलेलं ब्लेडने तासा, मग ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. दाबून तोडलेल्या जागी प्लास्टिक पांढरं पडतं आणि तिथे खड्डा राहतो.

हल आणि चाकं

हलचा (रणगाड्याच्या धडाचा) खालचा भाग काचेवर ठेवून चारही कोपरे टेकतात का पाहा. पिळलेला असेल तर वरचा भाग लगेच जोडून घ्या आणि सांधा वाळेपर्यंत रबरबँडने काचेवर आवळून ठेवा. पुढे कितीही केलं तरी पिळलेला हल सरळ होत नाही.

दर बाजूला पाच चाकं आहेत. पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट असते. हीच टी-५५ ची खूण, ती भरून काढायला जाऊ नका. चाकांचे दांडे चिकटवल्यावर सिमेंट (प्लास्टिक जोडायचा द्रव) मऊ असतानाच पाचही टोकांवर स्टीलची पट्टी आडवी टेकवा आणि एखादा दांडा वर-खाली असेल तर तेव्हाच सरकवा. पुढचा आयडलर (ट्रॅक ज्यावरून वळतो ते मोकळं चाक) मात्र चिकटवू नका. ट्रॅक बसवताना तो थोडा पुढे-मागे करावा लागतो.

ट्रॅक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. टी-५५ ला वरच्या बाजूने ट्रॅक उचलून धरणारे रोलर नाहीत. त्यामुळे ट्रॅक मधल्या चाकांच्या माथ्यावर स्वतःच्या वजनाने टेकतो आणि आयडलर व स्प्रॉकेटकडे (ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाकडे) जाताना चढतो. वजन दाखवणारी सगळ्यात ठळक रेघ हीच.

किटमध्ये व्हिनाइलची अखंड पट्टी असेल, तर ती ताणून ताठ बसते. फेंडरखाली हलच्या भिंतीला चाकांच्या माथ्याच्या किंचित वर ०.५ मिमीची भोकं पाडा, त्यात तारेचे तुकडे घालून पट्टी खाली दाबा आणि चाकांच्या माथ्यावर सुपरग्लूचा थेंब द्या. तारा फेंडरखाली झाकल्या जातात. व्हिनाइलमधला मऊ करणारा घटक वर्षानुवर्षांच्या संपर्कात प्लास्टिकची चाकं वितळवू शकतो, म्हणून ट्रॅकच्या आधी चाकांवर रंगाचा पूर्ण थर हवा. किट न जोडता ठेवणार असाल तर ही पट्टी वेगळ्या पिशवीत ठेवा.

सुट्या कड्यांचा ट्रॅक असेल तर किटच्या पत्रकात दिलेल्या संख्येइतक्या कड्या मास्किंग टेपवर सरळ रेषेत मांडा, सांध्यांवर पातळ सिमेंट लावा आणि साधारण २५ ते ३० मिनिटं थांबा. तेव्हा ट्रॅक वाकतो, पण सुटत नाही. घाई केली तर कड्या ताणून लांबतात आणि स्प्रॉकेटच्या दातांवर बसत नाहीत. दोन तास थांबलात तर वळणावर तुटतात. गुंडाळल्यावर फेंडर आणि ट्रॅकमध्ये फोमचे तुकडे खुपसून रात्रभर ठेवा, म्हणजे झोळ कायम राहतो.

टरेट, बॅरल आणि पत्रा

टरेटच्या (वरच्या फिरत्या बुरुजाच्या) भिंती ओतीव पोलादाच्या आहेत, छताच्या दोन पट्ट्या वेल्ड केलेल्या प्लेटच्या. भिंती खरखरीत आणि छत गुळगुळीत, हा फरक राखा. खरखरीतपणासाठी जाड प्रायमर किंवा पातळ केलेली पुट्टी राठ ब्रशने टोचत लावा आणि वाळल्यावर ४०० च्या कागदाने हलकं घासा. मापात राहा: खऱ्या टरेटवरचा ३ मिमीचा उंचवटा या मापात ०.१ मिमीपेक्षाही कमी भरतो. हाताला जेमतेम जाणवेल इतपत पुरे. हलच्या प्लेटींना हे मुळीच करू नका, त्या सपाट लाटलेल्या आहेत. ओतीव आणि लाटलेलं पोलाद यांतला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जाऊन गाड्या जवळून पाहा. फोटोत तो नीट कळत नाही.

वेल्डसाठी मेणबत्तीवर ताणलेल्या स्प्रूचा ०.३ ते ०.४ मिमी जाड धागा सांध्यात चिकटवा, पातळ सिमेंटने मऊ करा आणि ब्लेडच्या पाठीने जवळजवळ खुणा दाबा.

बॅरल (तोफेची नळी) दोन अर्ध्यांचं असेल तर सांधा एकाच बाजूने घासू नका, ते लंबगोल होतं. ओला कागद बॅरलभोवती गुंडाळून फिरवा. १९७१ च्या युद्धातला भारतीय टी-५५ करत असाल तर इथे एक खास काम आहे. पाकिस्तानकडचा चिनी टाइप-५९ दिसायला जवळजवळ असाच होता. आपल्याच तोफखान्याचा किंवा रणगाड्यांचा घोळ होऊ नये म्हणून भारतीय गाड्यांच्या बॅरलच्या मध्यावर धूरशोषकासारखं (गोळा झाडल्यावर नळीतला धूर बाहेर काढणाऱ्या फुगीर भागासारखं) दिसणारं खोटं नळकांडं बसवलं होतं. ०.१३ मिमी जाडीची प्लास्टिक शीट बॅरलभोवती गुंडाळून ते करता येतं. लांबी आणि नेमकी जागा त्या काळच्या फोटोंवरूनच मोजा. टोकाचा खरा धूरशोषक काढू नका.

प्लास्टिकचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर ३५ मिलिमीटर. एवढा जाड फेंडर कुठल्याच गाडीला नसतो. दिसणारी कड आतल्या बाजूने ब्लेडने तिरकी खरवडा, अर्ध्या तासात गाडीचं रूप बदलतं. टरेटवरच्या हाताने धरायच्या दांड्या ०.५ मिमीच्या तांब्याच्या तारेच्या करा. ओढदोरासाठी जुन्या वायरमधल्या तारा हँडड्रिलमध्ये धरून पिळा, जाडी ०.७ ते ०.८ मिमी ठेवा आणि ज्योतीवर तापवून मऊ करा, म्हणजे दोर डेकवर पसरून पडतो. न तापवलेली तार कमानीसारखी उभी राहते आणि तिचं हलकेपण लगेच कळतं.

रंग

प्रायमर, मग ऑलिव्ह ग्रीन. एअरब्रशचा दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. सपाट पृष्ठभागांच्या मध्यावर तोच रंग थोडा फिका करून मारा. डेकलच्या (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या) आधी ग्लॉस कोट हवाच, मॅटवर डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चांदीसारखं चमकतं.

वॉश (खाचांत उतरणारा खूप पातळ गडद रंग) एनॅमलचा असेल तर खालचा रंग अॅक्रिलिक किंवा लॅकर हवा, नाहीतर वॉश रंगच उचलतो. वॉश भरभरून ओतू नका. थिनर चाकांच्या दांड्यांच्या सांध्यात शिरला की ताणाखालचं प्लास्टिक तडकतं. टोकदार ब्रशने फक्त वेल्ड, बिजागऱ्या आणि बोल्टभोवती द्या.

धुळीचा रंग ठिकाण ठरवतं. १९७१ च्या युद्धातल्या छांबच्या (जम्मू भागातल्या) आघाडीवरची गाडी करायची तर आपली काळी माती चालणार नाही. तिथली धूळ फिकट, पिवळसर राखाडी. खडूचे रंग किसून वस्त्रगाळ करा आणि चाकं, हलचा खालचा भाग व फेंडरवर द्या. काळी काजळी एकाच जागी, डाव्या फेंडरच्या मागच्या बाजूला, जिथे धुराडं आहे. ट्रॅक नारिंगी गंजाचा करू नका. चालत्या गाडीचा ट्रॅक गडद तपकिरी असतो आणि जमिनीला घासणाऱ्या कडा उघड्या पोलादाच्या. तिथे ६बी पेन्सिल घासा.

मॅट कोट शेवटी. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो पांढुरका पडतो, कारण थिनर उडताना थंड झालेल्या थरात हवेतला ओलावा अडकतो. पाऊस उघडलेल्या दुपारी पातळ थर मारा. पांढुरका पडलाच तर घासू नका. पातळ ग्लॉस मारून वाळवा आणि कोरड्या दिवशी पुन्हा मॅट द्या.

सुटे भाग

काम सुरू करण्याआधी स्प्रूंची संख्या किटच्या पत्रकाशी ताडून पाहा. एखादा भाग नसेल किंवा अर्धवट भरलेला असेल तर स्प्रूचं अक्षर, भागाचा क्रमांक आणि स्प्रूचा फोटो पाठवा. भाग कापण्याआधी कळवलंत तर बदली मागवणं सोपं जातं. क्लिअर भाग आणि डेकल मूळ पिशवीतच ठेवा.